किशोर विज्ञानवाङ्मय व शोधांचा इतिहास, मराठी

किशोर विज्ञानवाङ्मय : सामान्यतः दहा ते सोळा वर्षे वयाच्या वाचकांना विज्ञानाचा परिचय करून देण्यासाठी लिहिलेले, परंतु क्रमिक पाठ्यपुस्तकांहून भिन्न असे वाङ्मय. निसर्गवर्णन, प्रयोगपुस्तिका, विज्ञानकथा, शास्त्रज्ञांची चरित्रे आणि शोधांचा इतिहास असे त्याचे पाच ठळक प्रकार मानता येतात. प्रस्तुत नोंदीत शोधांचा इतिहास हा प्रकार केंद्रस्थानी ठेवून मराठी वाङ्मयाचा परामर्श घेतला असून, ह्या वाङ्मयाच्या यशापयशाचा एक निकष म्हणून भंडारा जिल्ह्याच्या प्रदेशाचा विचार केला आहे.

शोधाचा इतिहास म्हणजे कोणी, केव्हा व काय शोधले यांची यादी नव्हे. एखादी गोष्ट माणसाला का ठाऊक नव्हती, ती कशी ठाऊक झाली आणि ती खरी आहे असे कशाच्या आधारे मानले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात मिळावी लागतात. त्यांपैकी तिसरा प्रश्न विज्ञानाचा गाभा होय. मराठी किशोर वाङ्मयात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा चांगली मिळतात. तिसऱ्याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते.

पूर्वपीठिका : मराठीतील विज्ञानलेखनाचा आरंभ नियतकालिकांच्या आरंभाशीच निगडित आहे. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. ‘दिग्दर्शन’मध्ये भूगोल, पदार्थविज्ञान, ज्योतिष इ. विषयांना स्थान होते. १८५० मध्ये निघालेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने ही परंपरा पुढे चालविली. हे लेखन मुख्यतः विद्यार्थी व नवशिक्षित प्रौढ यांच्यासाठी होते. केवळ मुलांसाठी सातत्याने लिहिण्याचा उपक्रम विनायक कोंडदेव ओक (१८४०–१९१४) यांच्या ‘बालबोध’ मासिकाने १८८१ पासून केला. चरित्र, निबंध, कविता यांच्या जोडीला शास्त्रीय विषयावरील लेख देण्याचा त्यांचा परिपाठ होता. ओकांची भाषा साधी, वाक्ये आटोपशीर आणि दृष्टी बोधवादी होती. थोर पुरुषाचे चरित्र वाचून मुलाने उद्योगी व्हावे, हा त्यांच्या लेखनाचा हेतू होता. शास्त्रज्ञाच्या चरित्रातून शास्त्र शिकविण्यापेक्षा सद्‌गुण शिकविण्याची प्रवृत्ती मराठीत येथूनच दृढ झाली आणि पुढे दीर्घकाळ टिकून राहिली.

केवळ विज्ञानाला वाहिलेले ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक पुण्यात १९२८ मध्ये सुरू झाले. गो. रा. परांजपे, दि. धों. कर्वे इ. प्राध्यापकांचा त्याच्या उभारणीत वाटा होता. विषयाचे अधिकारी जाणकार स्वतः मराठीतून लिहितात, ही घटना महत्त्वाची होती. स्वातंत्र्योत्तर काळात मराठी विज्ञान परिषद (स्थापना १९६६) आणि पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक (आरंभ १९७१) यांमुळे या लेखनाला संस्थात्मक आधार मिळाला. विशेषतः ‘किशोर’ ग्रामीण भागातील शाळांपर्यंत पोहोचल्यामुळे, जेथे पुस्तकांचे दुकान नव्हते तेथेही विज्ञानविषयक वाचन उपलब्ध झाले. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी झ्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून विज्ञानातील साहसाची गोडी लावली. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्यामुळे संशोधकानेच विज्ञानकथा लिहिण्याचा प्रघात प्रतिष्ठित झाला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, मोहन आपटे प्रभृतींनी विपुल माहितीपर लेखन केले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञानाची तत्त्वे समजावून देणारे अरविंद गुप्ता यांचे कार्य या परंपरेला हातांनी करावयाच्या प्रयोगाची जोड देणारे ठरले.

शोधकथेचा साचा : मराठी शोधकथेचा एक ठरलेला साचा दिसतो. नायक गरीब व जिज्ञासू असतो. लोक त्याची थट्टा करतात. एके दिवशी त्याला एकाएकी कल्पना सुचते. जग त्याचा जयजयकार करते. न्यूटनचे सफरचंद हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ते त्याच्या डोक्यावर पडल्याचा उल्लेख मूळ हकिकतीत नाही. न्यूटनने वृद्धापकाळी विल्यम स्टुकली यांना झाडावरून पडणाऱ्या फळाची आठवण सांगितली, एवढाच तिचा आधार आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या काळातील ही आठवण आहे तो १६६५–६६ चा काळ आणि न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत ज्या ग्रंथात मांडला गेला त्याचे प्रकाशन (१६८७) यांमध्ये वीस वर्षांहून अधिक अंतर आहे. त्या वर्षांत काय घडले, हाच शोधाचा खरा इतिहास होय. फळ खाली पडते आणि चंद्र पडत नाही, या दोन गोष्टी एकाच नियमाने बांधलेल्या आहेत हे गणिताने दाखवावे लागले. साच्यातील कथेत फळ उरते, चंद्र गळतो.

या साच्याचा परिणाम केवळ रंजनापुरता मर्यादित नसतो. कल्पना सुचणे म्हणजेच शोध, अशी समजूत किशोराच्या मनात रुजली की, प्रयोग फसणे, मोजमाप पुन्हा घेणे, दुसऱ्याने चूक दाखविणे या गोष्टी त्याला अपयशाच्या खुणा वाटू लागतात. वस्तुतः त्याच विज्ञानाच्या नित्यक्रमातील गोष्टी आहेत. शाळेतील प्रयोगात अपेक्षित उत्तर न आल्यास ते पुस्तकातून उतरवून घेण्याच्या सवयीचा या समजुतीशी जवळचा संबंध आहे.

आख्यायिका आणि पुरावा : स्वतःच्या प्रदेशाविषयीचा अभिमान शोधकथेत मिसळला की पुराव्याची बाजू आणखी दुर्बल होते. हेलियमची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. १८६८ साली नॉर्मन लॉक्यर या इंग्रज ज्योतिर्विदाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला, असे मराठीत वारंवार लिहिले जाते. किल्ल्यावरील निरीक्षणाचे चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जातात. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉक्यर भारतात नव्हता. त्या ग्रहणाचे वर्णपटीय निरीक्षण फ्रेंच ज्योतिर्विद झ्यूल झांसेन याने आंध्रातील गुंटूर येथून केले. लॉक्यरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट मिळविला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. लॉक्यर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत विल्यम रॅम्झी याने १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून हा वायू पृथ्वीवरच मिळविला होता.

खरी हकिकत आख्यायिकेहून अधिक रोचक आहे. पृथ्वीवर कोणी न पाहिलेले मूलद्रव्य केवळ एका रेषेच्या आधारे सूर्यावर आहे असे म्हणावयाचे, ते अनेक रसायनशास्त्रज्ञांनी मान्य करावयाचे नाही, आणि सत्तावीस वर्षांनी ते मूलद्रव्य प्रयोगशाळेत हाती यावयाचे, अशी ती आहे. तीत धाडस आहे, संशय आहे आणि संशयाचे निरसनही आहे. विजयदुर्गचे महत्त्वही तिने कमी होत नाही. १८९८ चे निरीक्षण हा त्या किल्ल्याच्या इतिहासाचा स्वतंत्र व सन्माननीय भाग आहे. चुकीचे साल जोडून त्याचा मोठेपणा वाढविण्याची आवश्यकता नाही.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथाही अशीच किशोरांच्या पुस्तकांतून फिरत असते. या उड्डाणास निर्णायक समकालीन पुरावा नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील यानांची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ती याने उडण्यास असमर्थ असून ग्रंथ विसाव्या शतकातील असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. ही तपासणीच किशोरांना सांगण्याजोगी आहे. एखादा दावा आवडला म्हणून स्वीकारावयाचा नाही आणि आवडला नाही म्हणून झिडकारावयाचा नाही, तो तपासावयाचा, ही शिस्त तीतून शिकता येते.

चरित्रे : वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) हे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र मराठीत अपूर्व लोकप्रिय झाले. गुलामगिरीत जन्मलेल्या मुलाची ही कथा महाराष्ट्रातील ग्रामीण वाचकाला आपली वाटली, याचे कारण तिच्या विषयात आहे. सतत कापूस घेऊन जमीन निकस होते आणि भुईमुगासारखी शेंगावर्गीय पिके आलटून-पालटून घेतल्यास तिचा कस सुधारतो, हा कार्व्हरच्या कार्याचा गाभा शेतकऱ्याच्या मुलाला अनुभवाने पडताळता येतो. चरित्र आणि विज्ञान यांची सांगड येथे विषयाच्याच बळावर बसली आहे. तथापि या पुस्तकाच्या अनुकरणाने पुढे लिहिल्या गेलेल्या अनेक चरित्रांत करुणरस तेवढा उतरला. पिकांच्या फेरपालटासारखा पडताळण्याजोगा आशय मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

याउलट ज्या चरित्रांत संघर्ष खुद्द विज्ञानाविषयीच आहे, त्यांकडे मराठीत पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेणाऱ्या वॉल्डेमार हाफकिन यांची कथा सर्वपरिचित आहे. परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, दोष हाफकिन यांच्यावर आला, आणि पुढे पुराव्याच्या फेरतपासणीनंतर त्यांची निर्दोषता मान्य झाली, हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. लशीविषयीचा विश्वास कसा ढळतो व तो पुन्हा कशाने मिळतो, हे जाणण्यासाठी त्याच भागाची गरज आहे.

भाषा व परिभाषा : विज्ञानलेखनाची मराठी दोन टोकांमध्ये हेलकावत राहिली आहे. एकीकडे संस्कृतोद्भव परिभाषेचे जडत्व, तर दुसरीकडे इंग्रजी शब्दांची सरसकट भरती. प्राणवायू, नत्र यांसारखे काही शब्द रूढ झाले. अनेक शब्द कोशातच राहिले. किशोरांसाठी लिहिताना शब्द संस्कृत आहे की इंग्रजी, यापेक्षा तो वाचकाला वस्तूपर्यंत नेतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. यासाठी बोलींचा साठा हा मोठा आधार असून त्याचा उपयोग अपुरा झाला आहे.

भंडारा जिल्हा, एक निकष : महानगरांपासून दूर असलेल्या एखाद्या जिल्ह्यातील मुलाला या वाङ्मयात स्वतःच्या पायाखालची जमीन कितपत भेटते, असा प्रश्न विचारल्यास त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा (१९९९ मध्ये यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला) हा धान, तलाव व मँगॅनीज यांचा प्रदेश आहे. या तिन्हींमागे सांगण्याजोगा शोधांचा इतिहास आहे.

तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या धातुकातील मँगॅनीज डाय-ऑक्साइड विजेरीच्या शुष्क घटांसाठी वापरले जाते. याच काळ्या द्रव्याचा अभ्यास करताना कार्ल व्हिल्हेल्म शील (१७४२–८६) या स्वीडिश औषधविक्रेत्या रसायनज्ञाने १७७४ मध्ये त्यात एक नवी धातू असल्याचे ओळखले, आणि त्यावर हायड्रोक्लोरिक अम्लाची क्रिया करून पिवळसर हिरवा, घुसमटविणारा वायू मिळविला. तो क्लोरीन होय. परंतु शीलला तो मूलद्रव्य वाटला नाही. ते हंफ्री डेव्हीने १८१० मध्ये सिद्ध केले. ऑक्सिजनही शीलने याच द्रव्यापासून, इतर पदार्थांप्रमाणे, मिळविला होता. मात्र त्याचे पुस्तक १७७७ मध्ये निघाले आणि तोवर जोसेफ प्रीस्टली याचा शोध प्रसिद्ध झाला होता. वायू प्रथम हाती येणे, तो प्रथम प्रसिद्ध करणे आणि तो काय आहे हे प्रथम समजणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑक्सिजनचा शोध कोणी लावला?’ या परीक्षेतील एका ओळीच्या प्रश्नामागे दडलेला हा गुंता तुमसरच्या दगडाच्या साहाय्याने उलगडून दाखविता येतो.

या धातुकांचा शास्त्रीय अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या लुइस ली फर्मॉर (१८८०–१९५४) यांनी केला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बृहद्‌ग्रंथात मँगॅनीजयुक्त गार्नेट व क्वॉर्ट्‌झ यांच्या खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ते येथील गोंड लोकांवरून घेतले आहे. त्यापूर्वीच ‘गोंडवन’ हे नाव भूविज्ञानात शिरले होते. एडूआर्ट झ्यूस याने १८८५ मध्ये ते एका प्राचीन महाखंडाला लावले. दक्षिणेकडील दूरदूरच्या भूखंडांवर ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे एकसारखे जीवाश्म आढळतात, हा त्यामागील एक मुख्य पुरावा होता. ज्या समाजाचे नाव जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत आहे, त्या समाजातील मुलाला हे त्याच्या भाषेत क्वचितच सांगितले जाते.

शेजारच्या नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) या मिशनऱ्याने जीवाश्मांचे संकलन करून या प्रदेशाच्या भूविज्ञानाचा पाया घातला. १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. धर्मप्रसारक आणि संशोधक या त्यांच्या दोन भूमिकांचा ताळमेळ कसा लावावयाचा, हा प्रश्न किशोर वाचकापुढेही मोकळेपणाने ठेवता येईल.

वैनगंगेच्या तीरावरील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. ती नावे वाचता येतात याचे श्रेय १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे जाते, आणि विदर्भातील कोरीव लेखांचा अर्थ लावण्याचे मोठे कार्य वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी केले. टेकडी, थर, दगड, अक्षर आणि नाव अशी ही ज्ञानाची साखळी शाळेच्या एका सहलीत दाखविता येण्याजोगी आहे.

तलावांच्या बाबतीत तर शोधकाचे नावच ज्ञात नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुन्या भंडारा जिल्ह्यातील हजारो लहानमोठे तलाव, जे पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले, ते जमिनीच्या उताराच्या अचूक ज्ञानावर उभे आहेत. वरच्या तलावातील जादा पाणी खालच्या तलावात उतरावे, मातीच्या पाळीवर ताण येऊ नये, आणि पावसाने ओढ दिल्यावर तुडुमातून पाणी सोडून निसवणीला आलेले धान वाचवावे, अशी ही योजना आहे. शोधकथेला एकच नायक लागतो, या साच्यामुळे असे सामूहिक व पिढ्यांनी साठविलेले ज्ञान ‘शोध’ या सदरात बसतच नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर तलावांतील पाणवनस्पती व देशी मासे यांविषयी केलेल्या कार्यावरून हे ज्ञान अद्याप जिवंत असल्याचे दिसून येते.

या प्रदेशाला मराठी वाङ्मयात खरे स्थान दिले ते मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे (तेव्हा भंडारा, आता गोंदिया जिल्हा) असताना त्यांनी पक्षी, मासे व झाडे यांची निरीक्षणे केली आणि स्थानिक शिकारी, मासेमार व आदिवासी यांच्याकडून नावे व माहिती टिपली. बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ व कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. त्यांचे लेखन किशोरांसाठी म्हणून लिहिलेले नसले, तरी अनेक किशोरांना जंगलाकडे वळविण्याचे कार्य त्याने केले. त्याची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष निरीक्षण, ऐकीव माहिती आणि लोकसमज त्यात पुष्कळदा एकाच सुरात येतात. ललित निबंध म्हणून यात दोष नाही. पण हे पाहिले, हे ऐकले आणि हे अद्याप तपासावयाचे आहे, असा भेद शिकू पाहणाऱ्या वाचकाला तो स्वतःच करावा लागतो.

मूल्यमापन : मराठी किशोर विज्ञानवाङ्मयाची कामगिरी लहान नाही. जवळजवळ दोन शतके, फारसा आर्थिक लाभ नसताना, प्राध्यापक, संपादक व शिक्षक यांनी ते जोपासले. विज्ञान मराठीत सांगता येते का, हा प्रश्न त्यांनी कायमचा निकालात काढला. त्यातील उणिवा माहितीच्या अभावामुळे नव्हे, तर मांडणीच्या सवयीमुळे उद्भवल्या आहेत. नायकपूजा, एकाएकी सुचलेली कल्पना आणि निर्विवाद यश या तीन सवयींनी शोधाचा इतिहास नीतिकथेच्या जवळ नेला आहे.

यावरचा उपाय बोजड ग्रंथांत नाही. प्रत्येक शोधकथेत निदान एका ठिकाणी पुरावा काय होता, त्याला आक्षेप कोणी घेतला आणि तो कसा मिटला, हे सांगितले तरी पुरेसे आहे. त्याचप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या भूमीतून, पाण्यातून व कामधंद्यांतून अशा कथा शोधणे आवश्यक आहे. स्थानिक सामग्री ही जागतिक विज्ञानाला पर्याय नसून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट असते. चिखल्याच्या खाणीपासून शीलच्या प्रयोगशाळेपर्यंत आणि पवनीच्या टेकडीपासून प्रिन्सेपच्या टेबलापर्यंत ती थेट जाते. शोध इतरत्र, इतरांनी आणि पूर्वीच लावले गेले आहेत, अशी समजूत घेऊन शाळेबाहेर पडणारा विद्यार्थी विज्ञानाचा ग्राहक होतो. ज्याला ही वाट दाखविली गेली, त्याच्या ठिकाणी प्रश्न विचारण्याचा अधिकार जागा होतो. मराठी किशोर विज्ञानवाङ्मयाचे यश अखेरीस यावरूनच ठरविले गेले पाहिजे.